पंधरा मिनिटांचा खण

तिलक खड्का घड्याळ बदलत नाही.
चार दिवस झाले सोलापुरात येऊन,
मनगटावर अजून काठमांडूच चाललंय,
आमच्याहून पंधरा मिनिटं पुढे.
म्हटलं, अहो, तेवढाच तर आमचा एक खण.
दिवसाचे शहाण्णव पाडतो आम्ही;
कुठल्या खणात कुणी किती वीज द्यायची, किती ओढायची,
आदल्या दिवशीच लिहून ठेवतो.
तुम्ही नेहमी पुढच्या खणात राहता, इतकंच.
ढाक्याच्या शर्मीनबाईंनी विचारलं, खण म्हणजे?
मग मला चोळीच्या खणापासून सुरुवात करावी लागली.

उपकेंद्र गावाबाहेर, ज्वारी काढून झालेल्या रानात.
चैत्रातली दुपार, पॅनेलला हात लावून बघू नये अशी.
एक वाजता वरून फोन: सौर कमी करा.
एवढं ऊन, आणि घ्यायला कुणी नाही.
त्याच खणात तिलकच्या मोबाइलवर बायकोचा निरोप,
लाइट गेलीय, मोटर भरायची राहिली.
आत्ता नदी गुडघ्याएवढी, तो म्हणाला,
भदौमध्ये या, तेव्हा पाणी नुसतं सोडून देतो.
तो भदौ म्हणाला, मी भादवा ऐकला.
एवढं मात्र दुभाष्याशिवाय जमलं.

हॉटेलच्या हॉलमध्ये तिसऱ्या दिवसापासून
एकाच शब्दावर गाडी अडलीय.
धरणाची वीज हिरवी म्हणायची का?
एकाकडे लहान धरण हिरवं, मोठं नाही.
दुसऱ्याकडे सगळंच हिरवं, कारण दुसरं काही नाहीच.
तिसऱ्याने अजून रंग ठरवलेला नाही.
सीमेवरच्या तारेला यातलं काही कळत नाही,
पण पैसा तारेतून येत नाही, कागदातून येतो,
आणि कागदाला रंग लागतो.

जेवणानंतर सगळे पेंगले तेव्हा मी वडिलांचं सांगितलं.
राजमल्लू म्याकल, साखर पेठ, काम सांधणीचं.
संपत आलेल्या बीमचे दोन हजार धागे
नव्या बीमच्या दोन हजारांना एकेक करून जोडायचे.
घरात तेलुगू, जॉबरशी कानडी, मालकाशी मराठी,
सुताशी मात्र गप्प.
आधी ताण सारखा, मग गाठ.
घाई केली तर तुटतो,
आणि तुटतो तो बारीकच धागा.
आम्हीही दोन जाळी जोडताना हेच बघतो,
दाब जुळला, आवर्तनं जुळली, कोन जुळला,
मग ब्रेकरला हात.
मला वाटलं, बरं बोलले मी.

देचेन, थिंपूची, वहीत लिहीत होती. थांबली.
"ताण कुठल्या बीमचा धरायचा?"
कुणी काही बोललं नाही.
"आणि चादर विकली जाते कुणाच्या नावावर?"

चादरीच्या कोपऱ्यात शिक्का असतो.
आमच्या घरात तीस वर्षं त्या चादरी अंथरल्या गेल्या,
म्याकल हे नाव मी त्यावर कधी वाचलं नाही.
ग्लासभर पाणी प्यायले.
उत्तर टिपणात घ्यायचं राहून गेलं, असं मी नंतर लिहिलं.
खरं तर ते दिलंच नव्हतं.

संध्याकाळी त्यांना नियंत्रण कक्षात नेलं.
ऊन उतरत होतं, आणि उतरताना आपला वाटा घेऊन जात होतं.
पडद्यावर पन्नास,
मग एकोणपन्नास पूर्णांक शहाण्णव.
नव्वद.
आम्ही चौघं एकाच वेळी पुढे वाकलो,
आजारी पोराच्या थर्मामीटरवर वाकावं तसं.
मग कुठलं तरी पाणी, कुठला तरी कोळसा जागा झाला,
आकडा हळूहळू वर आला.
कुणाचा, कुठल्या रंगाचा, पडदा सांगत नाही.

तिलकचे सात वाजले होते, माझे पावणेसात.

सह्या उद्यावर गेल्या. उद्या त्यांचं विमान आहे.
शेंगाचटणीची पुडी प्रत्येकाला दिली,
शर्मीनबाईंनी तिथेच उघडून चाखली, डोळ्यांत पाणी आलं.
देचेनच्या वहीचं पान उघडं होतं:
तिने आमचा खण काढला होता,
चारी बाजू पट्टीने आखून,
आत अजून काही लिहिलं नव्हतं.